खांदा का हलत नाही?

खानापूर तालुक्यातल्या आमच्या आजोळी गणपतीत सगळी जमली की रात्रीच्या आरतीनंतर टीव्हीवर कुठला तरी मारधाडीचा चित्रपट लागतोच. थोरले मामा कॉटवर बसून बघतात. मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. पडद्यावर नायक दोन्ही हातांत पिस्तुलं घेऊन वीसजणांना लोळवत असतो, पोरं ओरडत असतात, आणि मामा नायकाच्या तोंडाकडं बघतच नाहीत. ते त्याच्या खांद्याकडं बघतात.

"खांदा हालालाय काय बघ त्येचा," गेल्या वर्षी मला म्हणाले. "आन् तिकडं त्यो कसा उडून पडालाय बघ. ज्येनं मारलं त्येला कायच न्हाई, आन् ज्येला लागलं त्यो दहा फूट लांब. असं हुतंय काय? तू सायन्स शिकवतीस न्हवं?"

शिकवते. नववीच्या वर्गाला न्यूटनचा तिसरा नियम दर वर्षी शिकवते, आणि नळीतून गोळी सुटली की बंदूक मागे येते हे उदाहरण फळ्यावर दर वर्षी लिहिते. पण मामांनी एका वाक्यात जे पकडलं, ते माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. गोळी पुढे जाताना जितका संवेग घेऊन जाते, तितकाच मागे खांद्याला मिळतो. म्हणजे ज्या गोळीनं समोरचा माणूस दहा फूट उडेल, ती झाडणाराही तितकाच मागे उडायला हवा.

मामांनी उमेदीची वर्षं जी रायफल वापरली ती ७.६२ मिलिमीटरची एस.एल.आर., म्हणजे आपोआप पुढचं काडतूस भरणारी सेल्फ-लोडिंग रायफल. तिची गोळी साधारण साडेनऊ ग्रॅमची, आणि नळीतून सेकंदाला सुमारे ८३० मीटर वेगानं निघते. वस्तुमान गुणिले वेग केलं की संवेग येतो जेमतेम ८ एकक. ही सगळी गोळी ७० किलोच्या माणसाच्या अंगात अडकली, तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला ११ सेंटिमीटर. आपण चालतो ते सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास. पिस्तुलाच्या ९ मिलिमीटरच्या गोळीनं तर ४ सेंटिमीटरच मिळतात.

क्रिकेटशी ताडून बघा. १६० ग्रॅमचा चेंडू ताशी १४० किलोमीटर वेगानं आला तर त्याचा संवेग ६ एककांच्या वर जातो, रायफलच्या गोळीपेक्षा थोडाच कमी. बरगडीवर असा चेंडू बसला तर फलंदाज कळवळून खाली बसतो, पण स्टंपांवरून उडून यष्टिरक्षकाच्या हातात जात नाही. मग गोळी जीव का घेते? कारण तिची ऊर्जा. ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, म्हणून चेंडूची ऊर्जा सव्वाशे ज्यूलच्या आत राहते आणि गोळीची तीन हजारांवर जाते. ती सगळी करंगळीच्या नखाएवढ्या जागेत उतरते. ढकलण्यात तिची ताकद जातच नाही, ती फाडण्यात जाते. खरी गोळी लागलेला माणूस उडत नाही, तो जागच्या जागी खचतो. कधी कधी काही पावलं चालतोसुद्धा.

खांद्याचं गणित मात्र वेगळं लागतं. तोच संवेग, त्यात नळीतून सुटणाऱ्या वायूचा वाटा मिळवला, की साडेचार किलोची रायफल सेकंदाला दोन-अडीच मीटर वेगानं मागे येते. दस्ता खांद्याला घट्ट दाबलेला असला तर तो धक्का सगळ्या शरीरात वाटला जातो. सैल धरलेला असला तर रायफल आधी वेग घेते आणि मग हाडावर आदळते. "नव्या रंगरूटाचा खांदा संध्याकाळी काळानिळा हुतोय," असं मामा सांगतात.

मग चित्रपटातला खांदा का हलत नाही? मी बराच विचार केला आणि उत्तर फार साधं निघालं. तिथं गोळीच नसते. चित्रीकरणात वापरतात ती रिकाम्या बाराची काडतुसं. दारू असते, पुढचं शिसं नसतं, तोंड चिमटून बंद केलेलं असतं. धूर आणि जाळ मिळतो, पण पुढे जाणारं वजन जवळपास शून्य, म्हणून मागे येणारा धक्काही जवळपास शून्य. इतका कमी, की आपोआप काडतूस भरणारी बंदूक अशा बारावर चालतच नाही. नळीत एक बारीक बूच बसवून वायूचा दाब मुद्दाम वाढवावा लागतो, तेव्हा कुठं पुढचं काडतूस वर येतं. आणि समोरचा माणूस उडतो तो कमरेला बांधलेल्या तारेनं. त्याच्या शर्टाखाली रंगाची पिशवी आणि चिमूटभर स्फोटक असतं.

ही न-गोळी किती जपावी लागते, हे १९९३ साली अमेरिकेत कळलं. ब्रँडन ली या तरुण अभिनेत्याच्या चित्रपटात जवळून काडतुसं दाखवायची म्हणून नकली, दारू नसलेली काडतुसं पिस्तुलात घातली होती. त्यातल्या एकाचं टोक सुटून नळीत अडकलं, कुणाला कळलं नाही. पुढच्या एका दृश्यात त्याच पिस्तुलातून रिकामा बार काढला आणि दारूच्या वायूनं ते टोक बाहेर ढकललं. ली त्यात गेला. त्याच्या मरणानं मला अजूनही वाईट वाटतं. एक तपासणी, नळीतून एकदा डोकावणं, एवढ्यानं तो वाचला असता.

पडद्यावरच्या आवाजातही हीच उणीव आहे, आणि ती ओळखायला बेळगावकरांना फार लांब जायला नको. मामांच्या मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासून इथं बेळगावात आहे. सकाळी वारा आमच्याकडचा असला की फायरिंगचा आवाज घरापर्यंत येतो, अंगणात गादी झटकावी तसा धप्प, धप्प. मी लहानपणापासून तोच बंदुकीचा आवाज समजत आले. मामा म्हणाले, तो अर्धाच.

बाकीचा अर्धा त्यांनी बट्समध्ये ऐकलाय. निशाण्याच्या खाली मातीच्या भिंतीआड खंदक असतो. तिथं काही जवान बसतात, निशाणं वर-खाली करतात, भोकं बुजवतात. गोळ्या डोक्यावरून जातात. "आधी तड् वाजतंय, चाबूक मारल्यासारखं, कानात. मग धुम्म येतंय मागनं." तड् हा गोळीचा स्वतःचा आवाज. ती ध्वनीपेक्षा खूप जास्त वेगानं जात असते, त्यामुळे हवा बाजूला व्हायला वेळच मिळत नाही आणि दाबाची लाट शंकूच्या आकारात तिच्यामागे पसरते. नांगराच्या फाळामागं माती दोन्हीकडं पडत जाते तशी. धुम्म हा नळीच्या तोंडाचा आवाज, आणि तो बिचारा सेकंदाला ३४० मीटरनंच येणार. ३०० मीटरवर गोळी पोचते अर्ध्या सेकंदाच्या आत, नळीचा आवाज पोचतो जवळपास ०.९ सेकंदानं.

या मधल्या अंतरावरून मामा फायर किती लांबून आला ते सांगायचे. पावसात वीज आणि गडगडाट मोजतो, तसंच. आणि आम्हाला गावात नुसती धप्प ऐकू येते, कारण शंकू गोळीबरोबर पुढे जातो, मागे राहणाऱ्याला तो लागत नाही. चित्रपटात लांबच्या टेकडीवरून बार उडतो, नायक तो ऐकून खाली वाकतो आणि गोळी वरून जाते. इतक्या लांबून सुटलेल्या रायफलच्या गोळीचा आवाज ऐकू आला, म्हणजे ती केव्हाच जाऊन चुकलेली असते.

आता नेम. फौजेत त्याला शिस्त घेणं म्हणतात, आणि मला हा शब्द फार आवडतो. नळीच्या टोकावरचा बारीक उंचवटा, म्हणजे माशी, आणि डोळ्याजवळची खाच एका रेषेत आणायची. पिस्तुलावर या दोहोंमधलं अंतर साधारण १६ सेंटिमीटर. तिथं माशी एक मिलिमीटर जरी सरकली, तरी २५ मीटरवर गोळी १५ सेंटिमीटर बाजूला जाते. रायफलवर अंतर ५५ सेंटिमीटर, म्हणून तीच चूक साडेचार सेंटिमीटरवर भागते. दोन हातांत दोन पिस्तुलं धरून पळणाऱ्याला एकाही माशीकडं बघता येत नाही. कमरेवरून मारणाऱ्याला तर माशी दिसतच नाही.

एवढंच कशाला, गोळी सरळही जात नाही. नळी सोडल्या क्षणापासून ती खाली पडायला लागते, हातातून सुटलेल्या आंब्यासारखीच. ३०० मीटरवर जाईपर्यंत नळीच्या रेषेखाली पाऊण-एक मीटर उतरते. म्हणून रायफलची नळी डोळ्याच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेली असते, आणि प्रत्येक जवानाची रायफल त्याच्या त्याच्या डोळ्याला जुळवून घ्यावी लागते. मेलेल्याची बंदूक उचलून पहिल्याच गोळीला लांबचा माणूस टिपणारा नायक हे सगळं सोडून देतो.

खरी नेमबाजी बघायची तर आपल्या शेजारीच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या निशाण्यावर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, मोठ्या वाटाण्याएवढं. गुडघ्यावर, पोटावर आणि उभं राहून मारायचं. श्वास सोडून झाला की एक छोटासा थांबा येतो, त्यात चाप दाबायचा. हृदयाच्या ठोक्यानंही नळी हलते. त्या स्पर्धेचं थेट प्रक्षेपण मी पाहिलं तेव्हा कुणीच धावत नव्हतं, आणि माझे तळहात घामानं भिजले होते.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. ए.के.-४७ मिनिटाला ६०० गोळ्यांच्या गतीनं मारते आणि तिच्या मॅगझिनमध्ये ३० मावतात, म्हणजे चाप दाबून धरला की तीन सेकंदांत खेळ संपला. मोटारीचं दार पातळ पत्र्याचं, रायफलची गोळी त्यातून आरपार जाते. आडोसा घ्यायचा तर इंजिनाचा घ्यावा. शिसं आणि तांबं लोखंडावर आपटून सहसा ठिणग्या उडत नाहीत.

सायलेन्सरबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. बंदुकीचा आवाज नळीच्या तोंडाशी १५० ते १६० डेसिबलच्या घरात असतो. १४० च्या वरचा एकच स्फोटसुद्धा कानाला कायमची इजा करू शकतो. सायलेन्सर त्यातले २० ते ३० कमी करतो. उरतो तो हातोडा लोखंडावर पडल्यासारखा खणखणीत आवाज. चित्रपटात ऐकू येते तसली नाजूक फुसकी काही उरत नाही. आणि गोळीचा तो तड् आवाज तर त्याला आवरतच नाही, कारण तो नळीच्या बाहेर तयार होतो. बंद खोलीत चार बार काढून लगेच कुजबुजत बोलणारी माणसं मी कितीतरी चित्रपटांत पाहिली. खऱ्या खोलीत त्यांच्या कानांत नुसतं किर्र वाजत राहिलं असतं.

कानाच्या आत केसांसारख्या बारीक पेशी असतात. त्या एकदा मोडल्या की माणसात परत उगवत नाहीत, आणि आधी जातात त्या उंच स्वरांच्या. स, श, च, त ऐकू येईनासे होतात. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. मामांच्या वेळी रेंजवर कानात कापसाचा बोळा घालायचे, तोही आठवण राहिली तर.

त्या रात्री चित्रपट संपल्यावर मी विचारलं, "मामा, शेवटी तो पोलीस का उलटला त्याच्यावर?"

मामांनी माझ्या ओठांकडं बघितलं. "त्ये काय बोलालेत ते कुठं कळतंय मला," म्हणाले. "मी आपलं खांदं बघतोय."