कर्नलला बोर्ड कळतो कसा?

लिनक्सचा एकच पेनड्राइव्ह दहा वर्षं जुन्या लॅपटॉपला लावा नाहीतर नव्याला, बहुतेक वेळा दोन्ही सुरू होतात. त्यामुळे अनेकांना वाटतं की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, समोरचं कुठलंही हार्डवेअर आपलं आपण ओळखतो. तसं असतं तर फोनच्या प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी रॉम, म्हणजे फोनमध्ये भरायची सिस्टिम, कशाला लागली असती?

पीसीवर ओळख पटते ती तिथलं हार्डवेअर बोलकं असल्यामुळे. पीसीआय बसवर, म्हणजे कार्डं जोडण्याच्या सामायिक मार्गावर, कर्नल वर्गातल्यासारखी हजेरी घेतो. प्रत्येक जागी विचारणा होते. कार्ड असेल तर ते कंपनीचा आणि उपकरणाचा क्रमांक सांगतं. इंटेलचा क्रमांक ८०८६, त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा. जागा रिकामी असेल तर उत्तरात सगळे बिट १ येतात. यूएसबीचंही साधारण असंच. उरलेली माहिती फर्मवेअर, म्हणजे बोर्डातच भरलेला प्रोग्रॅम, एसीपीआय नावाच्या ठरलेल्या पद्धतीच्या तक्त्यांतून पुरवतं.

फोनमधल्या किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डावरच्या एआरएम जातीच्या चिपमध्ये ही सोय फारशी नाही. तिथला सिरियल पोर्ट, म्हणजे एकेक बिट पाठवणारी जोडणी, मेमरीच्या एका ठरावीक पत्त्यावर असतो. पत्ता ठाऊक असेल तरच त्याच्याशी बोलता येतं, आणि अंदाजाने भलत्याच पत्त्याला हात लावला तर यंत्र जागीच अडकू शकतं.

पूर्वी यावर उपाय होता नोंदणी क्रमांकाचा. प्रत्येक बोर्डाला एक क्रमांक मिळायचा, बूटलोडर, म्हणजे कर्नल सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, तो प्रोसेसरच्या आर१ या कप्प्यात (रजिस्टरमध्ये) ठेवायचा आणि कर्नल त्या बोर्डासाठी लिहिलेला सी कोड चालवायचा. बोर्ड वाढले तसा हा कोडही बेसुमार वाढला. मार्च २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स या पसाऱ्यावर जाहीरपणे संतापले. त्यानंतर एआरएमच्या मंडळींनी डिव्हाइस ट्रीकडे जाण्याचा वेग वाढवला. ही कल्पना त्याआधीच सनच्या स्पार्क यंत्रांवर आणि ॲपलच्या पॉवरपीसी मॅकवर रुळलेली होती.

डिव्हाइस ट्री ही मला कर्नलमधली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. हार्डवेअरचं वर्णन कोडमधून काढून एका वेगळ्या फाइलीत ठेवायचं, एवढंच ती करते. बूटलोडर ही फाइल रॅममध्ये ठेवतो आणि तिचा पत्ता कर्नलला देतो. फाइलीत प्रत्येक उपकरणाची एक नोंद असते आणि नोंदीत ‘कंपॅटिबल’ नावाची यादी: आधी नेमकं नाव, मग अधिक सर्वसाधारण नाव. ड्रायव्हरकडेही, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या कोडकडेही, आपल्याला कळणाऱ्या नावांची यादी असते. दोन्ही जुळल्या की ड्रायव्हर कामाला लागतो. नव्या उपकरणाचं नेमकं नाव कर्नलला अनोळखी असलं, तरी यादीतल्या पुढच्या नावावर जुना ड्रायव्हर चालून जातो.

पत्त्यांची गंमत तर याहून मोठी आहे. पायचा पीएल०११ सिरियल पोर्ट पहिल्या पायवर प्रोसेसरला २०२०१००० या पत्त्यावर दिसतो, पाय २ आणि ३ वर ३एफ२०१००० वर, पाय ४ वर एफई२०१००० वर. हे आकडे हेक्साडेसिमल, म्हणजे दहाऐवजी सोळा चिन्हांच्या पद्धतीतले आहेत, म्हणून त्यात अक्षरं येतात. ट्रीमध्ये मात्र चौघांसाठीही एकच पत्ता लिहिलेला असतो: ७ई२०१०००. हा चिपच्या आतल्या बसवरचा पत्ता. वरच्या नोंदीत ‘रेंजेस’ नावाची ओळ सांगते की बसवरचं ७ई०००००० प्रोसेसरला कुठून दिसतं. कर्नल ७ई२०१००० मधून ७ई०००००० वजा करतो, उरलेल्या २०१००० मध्ये त्या बोर्डाचा सुरुवातीचा पत्ता मिळवतो, आणि पत्ता तयार होतो. ड्रायव्हरमध्ये एक अक्षरही बदलावं लागत नाही.

म्हणूनच ‘ही एकच फाइल कुठल्याही फोनवर चालते’ असं सांगणाऱ्या व्हिडिओंवर विश्वास ठेवू नका. ट्री चुकीची असेल तर कर्नल तिच्यावरच भरवसा ठेवतो आणि बहुधा स्क्रीनवर काहीही न दाखवता थांबतो.

पायच्या पिनांना तुम्ही स्वतः काही जोडलंत, तरी हाच नियम लागू होतो. डीएस३२३१ हे घड्याळ आणि एमपीयू६०५० हा हालचाल मोजणारा सेन्सर, दोघांचाही आय२सी या दोन तारांच्या बसवरचा पत्ता ६८ (हाही हेक्साडेसिमल). सेन्सरचा निदान मुळात तरी तोच. त्या पत्त्यावरून उत्तर आलं, तरी तेवढ्यावरून समोर कोण आहे हे कर्नलला कळत नाही. घड्याळ जोडलं असेल तर कॉन्फिगच्या फाइलीत त्याच्या ओव्हरलेची, म्हणजे ट्रीला जोडायच्या पुरवणीची, ओळ आपणच लिहायची. मग ट्रीमध्ये एक नवी नोंद जोडली जाते आणि घड्याळाचा ड्रायव्हर जागा होतो.