थेरॅक-२० आणि थेरॅक-२५: चूक तीच, मग जीव एकीकडेच का गेले?

कॅन्सरवर रेडिएशन देणारी ही दोन मशीन. कॅनडाच्या एईसीएल या सरकारी कंपनीने २० एका फ्रेंच कंपनीसोबत बनवलं, २५ एकटीने. दोन्हींत पीडीपी-११ संगणक, दोन्हींत इलेक्ट्रॉन आणि क्ष-किरण अशी सोय. साहजिकच २५ म्हणजे २० ची सुधारलेली आवृत्ती वाटते. पण १९८५ ते १९८७ मध्ये अमेरिका-कॅनडात सहा रुग्णांना भयंकर जास्त डोस बसला, तो २५ वर.

क्ष-किरणांसाठी इलेक्ट्रॉनचा झोत सुमारे शंभरपट तीव्र करतात, म्हणून त्याच्या वाटेत टार्गेट, म्हणजे ज्यावर आदळून क्ष-किरण निघतात तो धातूचा तुकडा, असावंच लागतं. टेक्ससमधल्या टायलर गावी मार्च १९८६ मध्ये ऑपरेटरने चुकून 'एक्स' (क्ष-किरण) टाइप केलं आणि लगेच मागे जाऊन 'ई' (इलेक्ट्रॉन) केलं. चुंबक जुळायला आठेक सेकंद लागत. तेवढ्यात केलेला बदल प्रोग्रॅमच्या एका भागाला कळला, दुसऱ्याला नाही. झोत तीव्र, वाटेत टार्गेट नाही. स्क्रीनवर फक्त 'मालफंक्शन ५४'. त्याचा अर्थ ऑपरेटरच्या मॅन्युअलमध्ये नव्हता, आणि 'पी' दाबलं की मशीन पुन्हा सुरू होई. पुढच्याच महिन्यात तिथे दुसऱ्या रुग्णाचं तेच झालं. दोघेही दगावले.

हीच चूक २० च्या प्रोग्रॅममध्येही होती. शिकागो विद्यापीठात नवे विद्यार्थी कशीही बटणं दाबत, तेव्हा फ्यूज उडायचे. टायलरची बातमी कळल्यावर तिथल्या भौतिकशास्त्रज्ञाने ते तपासलं. २० मध्ये संगणकावर अवलंबून नसलेली इंटरलॉक सर्किट होती. संगणक चुकला तरी ती झोत अडवत; फ्यूज उडत ते त्यामुळेच.

मला यातली सर्वांत गंभीर गोष्ट ही वाटते की फ्यूजने रुग्ण वाचवले, पण चूकही झाकली. बिनघोर चाललेल्या वर्षांचं श्रेय प्रोग्रॅमला मिळालं आणि २५ मधून बरीचशी स्वतंत्र सर्किटच काढून टाकली गेली. कंपनीच्या १९८३ च्या धोका-विश्लेषणात सॉफ्टवेअरच्या चुका धरल्याच नव्हत्या. टायलरला तर सांगितलं गेलं की जादा डोसची दुसरी घटना आमच्या माहितीत नाही. आधीच्या तक्रारी कंपनीकडे पोहोचलेल्या असताना! रुग्णालयांना एकमेकांचे अनुभव वेळीच कळले असते, तर टायलरची मशीन आधीच थांबवता आली असती.

शेवटी १९८७ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेच्या दबावाखाली २५ मध्ये सॉफ्टवेअर दुरुस्त्यांबरोबर स्वतंत्र हार्डवेअर संरक्षणही बसवायचं ठरलं.