र्‍यूगेन: समुद्राने आखलेला जिल्हा कसा मोडला

४ सप्टेंबर २०११ रोजी जर्मनीच्या ईशान्येकडच्या मेक्लेनबुर्ग-फोरपोमेर्न राज्याने आपल्या १२ ग्रामीण जिल्ह्यांचे ६ केले. त्यात र्‍यूगेनचा जिल्हाही गेला. जर्मनीत अशी विलीनीकरणं नवीन नाहीत, पश्चिम जर्मनीत १९७०च्या दशकाच्या आसपास जवळजवळ दोनशे जिल्हे असेच पुसले गेले. पण र्‍यूगेनची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण या जिल्ह्याची हद्द कुणा मंत्रालयाने नकाशावर आखलेली नव्हती. देशातलं सर्वांत मोठं बेट, ९२६ चौरस किलोमीटरचं, आणि आजूबाजूची हिडेन्झेसारखी छोटी बेटं म्हणजेच हा जिल्हा. हद्द समुद्राची, निर्णय मात्र बहुतेक वेळा मुख्य भूमीवरचे.

सुरुवात ११६८ पासून करायला हवी. त्या वर्षी डेन्मार्कच्या सैन्याने बिशप अब्सालोनच्या साथीने अर्कोना भूशिरावरचा गड घेतला आणि तिथल्या स्लाव लोकांच्या स्वान्तेवित देवाची मूर्ती फोडली. स्थानिक राजघराणं टिकलं, पण डेन्मार्कचं मांडलिक म्हणून. १३२५ मध्ये ते घराणं निर्वंश झालं आणि बेट शेजारच्या पोमेरानिया संस्थानाच्या ड्यूककडे गेलं. तीस वर्षांच्या युद्धानंतर, १६४८ मध्ये, ते स्वीडनला मिळालं.

स्वीडिश राजवट दीडशे वर्षांहून जास्त चालली. या काळात बेटावर खरी सत्ता होती ती जमीनदारांची. शेतकऱ्यांना हुसकावून त्यांची शेतं वाड्याच्या जमिनीत ओढायची आणि त्याच माणसांना वेठबिगार म्हणून राबवायचं, हा तिथला रिवाज होता. एर्न्स्ट मोरिट्झ आर्न्ट हा लेखक १७६९ मध्ये याच बेटावर जन्मला. त्याचे वडील मुक्त झालेले भूदास, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेले शेतकरी. १८०३ मध्ये त्याने पोमेरानिया आणि र्‍यूगेनमधल्या भूदासपद्धतीचा इतिहास छापला, तेव्हा जमीनदार खवळले. तीनच वर्षांत, १८०६ मध्ये, स्वीडनच्या राजाने ती पद्धत रद्द केली. (आर्न्टचं पुढचं लेखन कडव्या राष्ट्रवादाचं आणि ज्यूविरोधी आहे. म्हणूनच ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठाने २०१८ मध्ये त्याचं नाव गाळलं.)

नेपोलियननंतरच्या वाटाघाटींत या प्रदेशाचा अक्षरशः सौदा झाला. स्वीडनने नॉर्वेच्या बदल्यात तो डेन्मार्कला देऊ केला, डेन्मार्कने लाउएनबुर्ग घेऊन तो १८१५ मध्ये प्रशियाला सोडला. प्रशियाने आल्या आल्या आपली घडी बसवली: १८१८ मध्ये श्ट्रालझुंड विभागात चार जिल्हे झाले आणि त्यातला एक र्‍यूगेन, मुख्यालय बेटावरचंच बेर्गेन गाव. जिल्ह्याचा प्रमुख लांडराट. कागदावर तो राजाचा अधिकारी असला, तरी प्रशियाच्या पूर्वेकडच्या भागात तो साधारणपणे तिथल्याच जमीनदारांपैकी असे. म्हणजे भूदासपद्धत गेली, वाड्याचा वचक राहिला. वाड्याच्या हद्दीतले पोलिसी अधिकार जमीनदाराच्या हातून सुटले ते १८७२च्या जिल्हा कायद्याने, तेव्हाच जिल्ह्यांना नव्या स्वरूपाची जिल्हासभा मिळाली. आपल्याकडे जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषद असे दोन दरवाजे असतात. तिथे पुढे दोन्ही कामं एकाच छपराखाली आली.

याच शतकात बेटाचा धंदा बदलला. पुटबुसच्या सरदाराने १८१० मध्ये पांढऱ्या घरांचं आखीव गाव वसवलं, समुद्रस्नानाची टूम आली, मग रेल्वे. १९०९ मध्ये झासनिट्सहून स्वीडनमधल्या ट्रेलेबोर्गला आगगाडीचे डबे जहाजात चढवून नेणारी फेरी सुरू झाली. १९३६ मध्ये बांध-पुलाने बेट मुख्य भूमीला जोडलं. त्याच वर्षी नाझींनी प्रोराच्या किनाऱ्यावर सुमारे साडेचार किलोमीटर लांबीचं, वीस हजार माणसांचं विश्रामगृह बांधायला घेतलं. युद्ध लागलं आणि तिथे सुट्टी घालवायला एकही माणूस आला नाही.

जिल्हा म्हणून र्‍यूगेनचे सगळ्यांत वाईट दिवस पूर्व जर्मनीच्या काळातले असं माझं मत आहे. त्याआधीच, १९४५ मध्ये सोव्हिएत ताब्यात असताना, शंभर हेक्टरांवरच्या जमिनी काढून वाटण्यात आल्या. १९५२ मध्ये राज्यंच रद्द झाली. बेट रोस्टॉक विभागात गेलं आणि त्याचे बेर्गेन आणि पुटबुस असे दोन जिल्हे पाडले गेले. एवढ्याशा बेटाला दोन जिल्हा कचेऱ्या! काही वर्षांतच ही चूक गुपचूप दुरुस्त करून पुन्हा एक जिल्हा करण्यात आला.

दुरुस्त न झालेली गोष्ट दुसरी होती. फेब्रुवारी १९५३ मध्ये ‘आक्त्सिओन रोझे’ ही मोहीम निघाली. पोलीस हॉटेलांत आणि घरगुती खानावळींत शिरले, तळघरं उपसली. साठवलेलं सामान ‘आर्थिक गुन्हा’ ठरवायला पुरेसं होतं. बाल्टिक किनाऱ्यावरच्या चारशेहून अधिक मालमत्ता जप्त झाल्या, मालक तुरुंगात गेले किंवा पश्चिमेला पळाले. त्याच सुमारास ग्लोवे इथे कैद्यांना राबवून नौदलाचं बंदर खणायला घेतलं होतं. जूनमध्ये ते अर्धवट सोडलं. बंदर नाही ते नाहीच, पण जप्त हॉटेलं बहुतेकांना परत मिळाली नाहीत. ती पुढे कामगार संघटनेची सुट्टीघरं झाली.

एकीकरणानंतर पर्यटन सावरलं, पण कायम राहणारी माणसं कमी होत गेली. २०१० पर्यंत जिल्ह्यात सत्तर हजारही उरले नव्हते. राज्याची राजधानी श्वेरीन, तिथल्या सरकारला इतक्या कमी लोकसंख्येवर पूर्ण जिल्हा प्रशासन परवडेना. पहिला आराखडा तर अख्ख्या राज्याचे पाचच जिल्हे करण्याचा होता. तो राज्याच्या घटना न्यायालयाने जुलै २००७ मध्ये फेटाळला. जिल्हासभेवरचे सदस्य नोकरीधंदा सांभाळून बिनपगारी काम करतात, अवाढव्य जिल्ह्यात त्यांनी ते करायचं कसं, हा त्यातला कळीचा मुद्दा. हिडेन्झेवरून बोटीने बैठकीला निघणाऱ्याला तो वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

सरकारने आकडा पाचाचा सहा केला. २०११ मध्ये न्यायालयाने जिल्ह्यांच्या तक्रारी फेटाळल्या. शेवटच्या लांडराट केर्स्टिन कास्नर यांच्यासोबत बेर्गेनची कचेरी स्वतंत्र जिल्ह्याची म्हणून संपली. नवा फोरपोमेर्न-र्‍यूगेन जिल्हा ३,२०० चौरस किलोमीटरचा, मुख्यालय पुलापलीकडे श्ट्रालझुंडला. गंमत अशी की श्ट्रालझुंड हे शहर तोवर कुठल्याच जिल्ह्यात नव्हतं. त्याचा स्वतंत्र दर्जाही याच फेरबदलात गेला.

२०२३ मध्ये बेटावरच्या मुक्रान बंदरात द्रवरूप वायूचं टर्मिनल उभारायचं बर्लिनने ठरवलं, तेव्हा बेटावर जोरदार विरोध झाला. पण आता संपूर्ण बेटाच्या वतीने उभी राहील अशी जिल्हासभा नव्हती. कोर्टात गेली ती बेटावरच्याच बिन्झ गावाची नगरपालिका, आणि तिचे तातडीचे अर्ज लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने फेटाळले.