शस्त्र हातातून गेलं तर? शस्त्र-कार्डांसोबतचं माहितीपत्रक

या डबीत बारा कोरी कार्डं आहेत. दहा साध्या काठाची, दोन काळ्या काठाची. टेबलटॉप रोलप्लेइंग गेममधलं (टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेत खेळायच्या खेळातलं) पात्र आणि त्याने खास घडवून घेतलेलं शस्त्र यांचं नातं नोंदवायला आम्ही ती छापतो. कुठल्याही गेमच्या नियमांसोबत ती चालतात. भरण्याआधी हे पत्रक वाचा, आणि जीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, तर वाचाच. शस्त्र मिळताना टेबलावर कुणी भांडत नाही. भांडणं होतात ती शस्त्र हातातून जातं तेव्हा.

फायद्याची चौकट लहान का आहे

कार्ड हातात आलं की बहुतेक खेळाडू आधी लिहितात, 'हल्ल्याला +1', म्हणजे वार लागला का हे ठरवणाऱ्या फाशाच्या आकड्यात एकाची भर. लिहा, हरकत नाही, पण जरा हिशेब करून बघा. वीस बाजूंच्या फाशावर +1 म्हणजे शंभरात पाच वेळा निकाल बदलणार. एका सेशनमध्ये, म्हणजे खेळाच्या एका बैठकीत, बारा वार केलेत तर सरासरी 0.6 वेळा. दोन सेशनमध्ये जेमतेम एकदा तो +1 कामाला येणार, आणि आला हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. त्याऐवजी 'सेशनमध्ये एकदा, या शस्त्राचा हुकलेला वार पुन्हा टाकता येईल' असं लिहा. निम्मी शक्यता असलेला वार तेवढ्यापुरता पाऊण शक्यतेचा होतो. शिवाय ती एक संधी खेळाडू जपून ठेवतो आणि वापरायची वेळ आली की सगळं टेबल फाशाकडे वाकतं.

आमच्या पहिल्या छपाईत फायद्याची चौकट सगळ्यात मोठी होती आणि 'खुणा' ही ओळ करंगळीएवढी. साहजिकच कार्डांवर आकडेच आकडे आले. चूक आमचीच. आता उलट केलंय.

खुणा कशा लिहायच्या याचा एक नमुना देतो. कुऱ्हाड. दांडा बुडालेल्या नावेच्या वल्ह्याचा. पात्राच्या डाव्या हाताची दोन बोटं गेलेली आहेत, म्हणून मूठ एका बाजूने तासून खोलगट केलेली. पात्याला एक दाता पडलाय, तो मुद्दाम घासून काढलेला नाही. एवढ्या तीन ओळींतून जादूचा एक शब्दही न वापरता नियम निघतात. ही मूठ धडधाकट हातात नीट बसत नाही, म्हणून दुसऱ्या कुणी कुऱ्हाड उचलली तर त्याला -1. आणि दात्यामुळे जखमेत एक बारीक रेघ उरते, म्हणजे प्रेत पाहणारा जाणकार म्हणेल, 'हा त्याच कुऱ्हाडीचा वार.' पहिला नियम खेळाडूला आवडेल, दुसरा जीएमला.

नातं जुळायचं कसं

प्रत्येक गेमने याचं आपापलं उत्तर शोधलंय. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014 च्या आवृत्तीत 'अट्यूनमेंट' आहे. जादूची वस्तू जवळ घेऊन एक शॉर्ट रेस्ट (पात्राची छोटी विश्रांती) तिच्यावर लक्ष द्यायचं, आणि एका वेळी अशा तीनच वस्तू. वस्तू 100 फुटांपेक्षा लांब 24 तास राहिली, पात्र मेलं किंवा दुसऱ्याने अट्यून केलं की संपलं. नियम चोख आहे. पण तो मोजणीचा नियम आहे, नात्याचा नव्हे. तीनची मर्यादा पात्राने जादूच्या वस्तू अंगावर लादून फिरू नये म्हणून आहे. त्याच आवृत्तीतल्या एल्ड्रिच नाइटचा (मंत्र वापरणाऱ्या योद्ध्याचा) बंध आम्हाला जास्त भावतो. तासाभराच्या विधीने शस्त्र जोडलं की पात्र शुद्धीवर, हातपाय चालते असेपर्यंत कुणी ते त्याच्या हातातून पाडू शकत नाही, आणि त्याच लोकात असेल तर बोनस अ‍ॅक्शनमध्ये (पाळीतल्या जादा छोट्या कृतीत) हाक मारून बोलावता येतं.

आमच्या मते खरी मेख 1993 च्या अर्थडॉन या गेमने ओळखली. तिथे जादूच्या शस्त्राशी धागा विणावा लागतो. पुढची ताकद हवी तर नुसते गुण खर्चून भागत नाही, शस्त्राचं नाव आणि इतिहास शोधून काढावा लागतो. ते कुणी घडवलं, कुठे हरवलं, कुणाच्या हातात होतं. म्हणजे तलवार तेज करायला पात्राला सहाणेकडे नव्हे, जुन्या दप्तरांकडे आणि म्हाताऱ्या माणसांकडे जावं लागतं. जीएमला आयतं कथानक मिळतं.

कार्डाच्या मागच्या बाजूला आम्ही तीन पायऱ्या छापल्यात त्या याच विचाराने. पहिली 'ओळख'. तीन सेशन शस्त्र वापरलेलं असावं आणि पात्राने स्वतःच्या हाताने त्यात एक बदल केलेला असावा. मूठ गुंडाळली, वजन कमी केलं, काहीही. दुसरी 'माहिती'. शस्त्राविषयी आधी ठाऊक नसलेली एक गोष्ट खेळात शोधून काढलेली असावी. शस्त्र नवंकोरं असेल तर लोखंड कुठून आलं ते शोधा. तिसरी 'शपथ', म्हणजे या नात्याची किंमत, आणि हिच्याबद्दल जरा सविस्तर.

किंमत आकड्यांत घेऊ नका

2005 मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 3.5 आवृत्तीसाठी वारसा-शस्त्रांची एक पुरवणी आली होती. तिच्यात शस्त्राची ताकद वाढायची, पण बदल्यात पात्राचे हिट पॉइंट (किती मार सोसेल ते सांगणारे गुण), हल्ल्याचे आकडे वगैरे कापले जायचे. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढलं. शेवटी खेळाडू वजाबाकी करत बसतो.

किंमत वागण्यात घ्या. महाभारताच्या कर्णपर्वातला प्रसंग आठवा. जखमी होऊन शिबिरात परतलेला युधिष्ठिर, कर्ण अजून जिवंत आहे हे कळल्यावर संतापून अर्जुनाला म्हणतो, गांडीव दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. असं बोलणाऱ्याचा शिरच्छेद करायचा ही अर्जुनाची शपथ. तो थोरल्या भावावर तलवार उपसतो. कृष्ण तोड काढतो, की वडीलधाऱ्याला आदराने न बोलता 'तू' म्हटलं की ते त्याला मारल्यासारखंच. शपथेचा नियम म्हणून हा प्रसंग जवळपास निर्दोष आहे. कलम एका ओळीचं, ते अचूक नको त्या माणसासमोर लागू होतं, आणि शब्द पाळूनही सुटायला फट राहते. तुमच्या कार्डावरची शपथ अशीच असू द्या. 'मी शूरपणे लढेन' ही शपथ नव्हे, कारण ती कधीच अडचणीत आणत नाही. 'हे शस्त्र उपसल्यावर रक्त लागल्याशिवाय म्यानात जाणार नाही' ही शपथ. ती धमकी द्यायला उपसलं तेव्हाच घोटाळा करते.

शस्त्र गेलं तर

कार्ड भरतानाच खेळाडू आणि जीएम यांनी मिळून एक वाक्य लिहायचं: हे शस्त्र चोरीला जाऊ शकतं का, मोडू शकतं का, की दोन्ही नाही? तीनही उत्तरं चालतील. न विचारता नदीत टाकलेलं शस्त्र चालत नाही. महिनोन् महिने जपलेली वस्तू जीएमने एका फाशावर बुडवली, तर खेळाडू पुढच्या वेळी कशातच जीव गुंतवत नाही.

गेलंच, तर आकड्यांचा दंड लावू नका. पुन्हा टाकायची संधी गेली, एवढं पुरे. शोध घ्यायचा की नाद सोडायचा हे तीन सेशनच्या आत खेळाडूने ठरवावं. आणि शस्त्र हातात असूनही नातं तुटू शकतं, हेही विसरू नका. मौसलपर्वात लुटारू चालून येतात तेव्हा गांडीव अर्जुनाजवळच असतं, पण त्याला प्रत्यंचा चढवणं जड जातं, अस्त्रं आठवत नाहीत, भाते रिते होतात. शपथ मोडलेल्या पात्रासाठी हे सरळ उचला.

जास्त चांगलं शस्त्र लुटीत मिळालं की जुनं पिशवीत जातं, हे दुखणं नेहमीचं. पाथफाइंडर या गेमच्या दुसऱ्या आवृत्तीत ताकद रूनमध्ये (शस्त्रावर कोरलेल्या जादूच्या अक्षरात) असते आणि रूनच्या किमतीच्या दहा टक्के खर्चात ती एका शस्त्रावरून दुसऱ्यावर नेता येते. तुमच्या गेममध्ये अशी सोय नसेल तर हाउस रूल, म्हणजे आपल्या टेबलापुरता नियम, करा: नवी तलवार वितळवून जुनीत ओतता येते. लोहार नाक मुरडेल, टेबल नाही.

बोलणाऱ्या, स्वतःची इच्छा असलेल्या शस्त्रांसाठी ही कार्डं वापरू नका. ती जीएमची पात्रं असतात, त्यांना कॅरेक्टर शीटच (पात्राच्या नोंदीचं पूर्ण पान) द्या.

काळ्या काठाची कार्डं गेलेल्या शस्त्रांसाठी आहेत. जुन्या कार्डावरची एकच खूण निवडून काळ्या काठाच्या कार्डावर उतरवा, ती पात्राकडे कायम राहते. त्या कुऱ्हाडीचा मालक पुढे कुठलंही शस्त्र घेवो, मूठ तासल्याशिवाय धरणार नाही. साधी कार्डं पेन्सिलने भरा, काळ्या काठाची शाईने. चमकदार बाजूवर शाई पसरते, म्हणून खरखरीत बाजू वापरा.