ओट्यावरचा काचेचा कंदील

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर चक्कर मारली, की आकाशकंदिलांच्या गर्दीत हल्ली आणखी एक वस्तू हमखास दिसते. काळी किंवा तांब्याच्या रंगाची लोखंडी चौकट, चारही बाजूंना काच, वर घुमटासारखं टोपण, टोपणावर कडी आणि आत एक मेणबत्ती उभी राहील एवढी जागा. दुकानदार तिला ‘लँटर्न’ म्हणतो, घेणारी बाई कंदील म्हणते. घरी आल्यावर तो ओट्यावर, जिन्याच्या पायरीवर किंवा तुळशीशेजारी जाऊन बसतो. ही परदेशी फॅशन आहे, असं बरेच जण सहज बोलून जातात. मला ते पटत नाही. या कंदिलाचा एकेक भाग वेगवेगळ्या वाटेने आपल्याकडे केव्हाच येऊन गेलाय, म्हणून त्या वाटा इथे जरा सविस्तर मांडतो.

आधी नाव. कंदील हा शब्द अरबी ‘किंदील’वरून आला आणि किंदीलचं मूळ लॅटिन ‘कांदेला’पर्यंत जातं. इंग्रजांचा ‘कँडल’ही तिथलाच. म्हणजे मेणबत्ती आणि कंदील ही एकाच आजीची नातवंडं. जुन्या मराठीतला ‘फाणस’ फारसी फानूसवरून आला आणि तो फानूस ग्रीक शब्दावरून. ‘लँटर्न’चं मूळही ग्रीकच. दिव्याच्या आडोशाला आपण जी नावं वापरतो ती सगळी अशी दूरवरून चालत आलेली आहेत. पणती, दिवटी ही मात्र उघड्या ज्योतीची नावं, आणि ती इथलीच.

आडोसा हा या सगळ्या गोष्टीतला मुख्य शब्द आहे. ज्योत कशी पेटवायची हे माणसाला फार आधी कळलं. ती वाऱ्यात टिकवायची कशी आणि टिकवताना तिचा उजेडही कसा अडू द्यायचा नाही, हे कोडं पुढे शेकडो वर्षं चाललं. आपल्याकडच्या धाब्याच्या घरांत त्याचं साधं उत्तर होतं, भिंतीतली देवळी. जाड मातीच्या भिंतीत हातभर खोल कोनाडा, त्यात दिवा. तीन बाजूंनी वारा अडतो आणि उजेड समोर पडतो. देवळीच्या वरच्या कडेला साचलेली काजळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती घरं अजून डोळ्यांसमोर दिसत असतील. पण देवळी जागची हलत नाही. अंगणात, गोठ्यात, मळ्यात जायचं तर दिवा हातात हवा. मशाल किंवा टेंभा न्यावा तर ठिणग्या उडणार, आणि कापूस भरलेल्या घरात किंवा चाऱ्याच्या गंजीजवळ ते नेणं म्हणजे आगीला आवतण. लहान ज्योत, तीही झाकलेली आणि तरी दिसणारी, अशी वस्तू हवी होती.

युरोपात हे झाकण कित्येक शतकं शिंगाचं असायचं. गुरांची शिंगं भिजवून, तापवून, सपाट करून त्यांच्या इतक्या पातळ पत्र्या काढत की पलीकडचा उजेड दिसे. भारतात अभ्रकाचा उपयोग झाला. अभ्रक जळत नाही आणि त्याचे पापुद्रे हवे तितके पातळ निघतात. मुर्शिदाबादकडे मोहरमच्या कंदिलांसाठी अभ्रकावर चित्रं काढत. कैरोत रमजानसाठी पत्रा आणि रंगीत काच यांचे फानूस घडू लागले. मोरोक्कोत पितळी पत्र्याला नक्षीदार भोकं पाडून उजेडच भिंतीवर नक्षीसारखा पाडायची कला वाढली. आज दुकानात जाळीदार कंदील दिसतो तो याच घराण्यातला.

खानदेशाला दरबारी थाटाचा उजेडही नवा नाही. बऱ्हाणपूर ही जुन्या खानदेशाची राजधानी, फारुकी सुलतानांनी वसवलेली. 1601 मध्ये असीरगड पडला आणि हा मुलूख अकबराकडे गेला. पुढे शाहजहानचा मुक्काम तिथे असायचा, आणि मुमताजमहल 1631 मध्ये तिथेच वारली. या दरबारात दिवे लावणं हा मोठा विधी होता. अकबराच्या कारभाराची माहिती देणाऱ्या ‘ऐन-ए-अकबरी’ या ग्रंथात दिव्यांसाठी वेगळं प्रकरणच आहे. सूर्य मावळला की बारा पांढऱ्या मेणबत्त्या सोन्याचांदीच्या बारा शमादानांवर लावून बादशहासमोर आणत, असं त्यात लिहिलंय. उंच खांबावर चढवलेल्या ‘आकाशदिव्या’चंही त्यात वर्णन आहे. शमादान, फानूस हे शब्द तेव्हाच्या उंची घरांतले. पुढे देशमुख-पाटलांच्या वाड्यांत काचेच्या हंड्या आणि झुंबरं आली. ती विलायती काच होती आणि सणासमारंभालाच उतरायची. साध्या घरात काचेच्या आत ज्योत पोचायला एकोणिसावं शतक संपत यावं लागलं, आणि ती पोचवली घासलेटाने.

घासलेट म्हणजे ‘गॅसलाइट’चं आपल्या जिभेवर बसलेलं रूप, आणि रॉकेल म्हणजे ‘रॉक ऑइल’. इग्नात्सी वुकाशेविच या औषधविक्रेत्याने 1853 मध्ये खनिज तेलावरचा दिवा तयार केला. अमेरिकेत जॉन आयर्विन याने 1860 च्या दशकाअखेरीला दोन बाजूंच्या नळ्यांतून ज्योतीला हवा पुरवणारा कंदील काढला, आणि डिट्झ कंपनीने तो जगभर नेला. कितीही वारा सुटला तरी नळ्यांमधून हवा बेताने येते, म्हणून ज्योत विझत नाही. तोच आपला हरिकेन. घासलेट चार गॅलनच्या पत्र्याच्या डब्यांतून यायचं. तो रिकामा डबाही वाया जात नसे. पत्राकाम करणारे त्यातून चिमण्या बनवत. चिमणी म्हणजे काच नसलेली उघड्या वातीची डबी, गरिबाचा दिवा. कंदील त्याच्या वरच्या पायरीवरचा.

खानदेशात कंदील रुजवण्यात रेल्वेचाही हात आहे. 1860 च्या दशकात रेल्वे भुसावळला पोचली, आणि नागपूर व जबलपूरकडचे फाटे फुटल्यावर भुसावळ मोठं जंक्शन झालं. रेल्वेचं रात्रीचं काम पूर्णपणे दिव्यांवर होतं. सिग्नलचे दिवे, गार्डाची लाल-हिरव्या काचांची हातबत्ती, आणि ते रोज पुसून, भरून, लावून देणारा बत्तीवाला. या कामातून काचेची एक अडचणही पुढे आली. तापलेल्या काचेवर पावसाचे थेंब पडले की ती तडकायची, आणि सिग्नलची काच तडकली तर गाडीचा घात. उष्णतेने कमी फुगणारी काच बनवण्यामागे रेल्वेचे दिवे हे एक मोठं कारण होतं. स्वयंपाकघरातलं ओव्हनचं काचेचं भांडं त्याच शोधाचं पुढचं रूप.

आपल्या काचेची कहाणी मात्र मला सगळ्यात जवळची वाटते. स्वदेशीच्या दिवसांत लोकांकडून एकेक पैसा जमवून उभ्या राहिलेल्या पैसाफंडाने 1908 मध्ये तळेगावला काच कारखाना काढला. पुढे कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला, त्याच्यामुळे त्या जागेचंच नाव ओगलेवाडी झालं. तिथला ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रभर गेला, खानदेशातही आला. विलायती मालाच्या शेजारी मराठी नावाचा कंदील खुंटीवर टांगलेला असणं यात काय अभिमान होता, हे आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात मी ऐकलंय. ती माणसं ‘कंदील’ म्हणतच नसत, ‘प्रभाकर लाव’ म्हणत.

आमच्या घरी संध्याकाळी कंदिलाची काच पुसणं हे मुलांचं काम होतं, कारण लहान हातच काचेच्या आत जातो. आजी ओट्यावरून हाक मारायची, “कंदीलनी काच पुसी ठेव.” बाजूची दांडी दाबली की तारेच्या पिंजऱ्यासकट काच वर उचलली जाते. ती तिरकी करून बाहेर काढायची, चुलीतली चाळलेली राख चिमूटभर आत टाकायची आणि धोतराच्या जुन्या फडक्याने फिरवत पुसायची. ओलं फडकं चालत नसे. पाण्याचा एक थेंब राहिला तरी काच तापल्यावर तिथूनच फुटायची. मग वात कापायची. ती सरळ कापून दोन्ही कोपरे किंचित गोल करायचे. कोपरे तसेच राहिले तर ज्योतीला दोन शिंगं फुटतात आणि दोन्ही बाजूंनी काच काळी होते. हे मला आजीने शिकवलं. त्यामागचं शास्त्र मी कितीतरी वर्षांनी वाचलं.

मेणबत्तीची वाट वेगळी. मेण म्हणजे मुळात मधमाश्यांचं. सातपुड्यातून मधाबरोबर तेही बाजारात यायचं, पण ते महाग आणि थोडं. युरोपात गरिबाची मेणबत्ती गुराच्या चरबीची होती, धूर आणि वास दोन्ही भरपूर. दर थोड्या वेळाने चिमट्याने तिच्या वातीचा जळका गूल खुडावा लागे. 1820 च्या दशकात फ्रान्समध्ये दोन गोष्टी झाल्या. शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने चरबीतून कडक, पांढरं, कमी धुराचं स्टिअरीन वेगळं करायची वाट दाखवली. आणि सुताची वात पीळ देण्याऐवजी वेणीसारखी विणायची कल्पना निघाली. विणलेली वात जळताना कलते, तिचं टोक ज्योतीच्या कडेला येतं आणि आपोआप जळून जातं. कापूस पिकवणाऱ्या आपल्या मुलखाने हे लक्षात ठेवावं. मेणबत्ती बंद काचेत निर्धास्त ठेवता येऊ लागली ती या सुताच्या वेणीमुळे, कारण आता दर घटकेला दार उघडून गूल काढायची गरज उरली नाही.

1850 मध्ये जेम्स यंगने पॅराफिनचं पेटंट घेतलं आणि पुढे खनिज तेलातून मेण स्वस्तात मिळू लागलं. आपल्याकडे आसामातल्या दिगबोईचा तेलशुद्धीकरण कारखाना 1901 चा. तिथल्या मेणाच्या मेणबत्त्या देशभर पसरल्या. आज कंदिलात ठेवायला ‘सोया वॅक्स’ची सुगंधी मेणबत्ती मिळते, ती मात्र अगदीच नवी, 1990 च्या दशकातली. पण ती बनते कशी? सोयाबीनच्या तेलात हायड्रोजन मिसळून तेल घट्ट करायचं. वनस्पती तूप याच रीतीने होतं, आणि अमळनेरला 1945 मध्ये स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स हेच करत होती. तीच पुढे विप्रो झाली. परदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या या मेणबत्तीमागची रसायनविद्या अमळनेरच्या लोकांनी पाऊणशे वर्षांपूर्वीच कामाला लावली होती, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं.

वीज गावोगाव आली ती मुख्यतः 1960-70 च्या दशकांत. कंदील खुंटीवरून माळ्यावर गेला. भारनियमनाच्या वर्षांत तो पुन्हा खाली उतरला, पण घासलेट मिळेनासं झालं होतं, म्हणून वाटीत उभी केलेली मेणबत्तीच जास्त दिसायची. नंतर इन्व्हर्टर आले. गरज संपली, तेव्हा कंदील शोभेचा झाला. आपल्या बाजारात दिसणारा बराच माल उत्तर प्रदेशातून येतो. मुरादाबादला पितळेचं आणि पत्र्याचं काम, फिरोजाबादला काच. ही दोन्ही गावं परदेशी गिऱ्हाइकांसाठी अशा वस्तू वर्षानुवर्षं बनवत आली आहेत. जे तिकडे जातं, तेच आता आपल्या ओट्यावरही येतंय.

या शोभेच्या कंदिलाने रूप जुनंच ठेवलंय, आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीला काम होतं. टोपणाखालची भोकं गरम हवा बाहेर जायला, तळाची फट ताजी हवा आत यायला. तळाची फट बुजवली तर ज्योत लवलवते आणि काच काळी पडते. वरची भोकं फार बारीक असतील तर मेणबत्ती मध्येच गुदमरून विझते. म्हणून विकत घेताना मी आधी भोकं पाहतो. सध्या आत बॅटरीचा दिवा बसवलेले कंदीलही मिळतात. त्यांची भोकं नुसती रंगवलेली किंवा ठोकून उठवलेली असतात, त्यात मेणबत्ती लावू नये.

खानदेशच्या उन्हाळ्याचा हिशेबही धरावा लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या वर जातो, आणि साधं पॅराफिन साधारण 46 अंशांपासूनच वितळायला लागतं. माझ्या ओट्यावर पश्चिमेचं ऊन येतं. एका दुपारी तीन वाजता पाहिलं तर न पेटवलेली, नवीकोरी मेणबत्ती कंदिलात कमानीसारखी वाकून तिचं टोक काचेला चिकटलेलं. चारही बाजूंनी काच आणि वर काळा पत्रा, आतलं ऊन बाहेरच्या सावलीपेक्षा कितीतरी जास्त. तेव्हापासून अक्षय्य तृतीयेनंतर मी मेणबत्ती घरात काढून ठेवतो. मृगाचा पाऊस पडला की परत लावतो. श्रावणात कानबाई या आमच्याकडच्या देवीचा सण, म्हणजे कानबाईचे रोट असतात, त्या रात्री घरात जागरण, पाहुण्यांची ये-जा, आणि ओट्यावर हा कंदील. वारा पावसाळी असतो, पण ज्योत हलत नाही.

गेल्या वर्षी त्याची एक काच मांजराने पाडली. चौकातल्या काचवाल्याकडे नेला. त्याने खाच मोजली आणि हिऱ्याने काच कापली ती दोन सूत लहान. मी विचारलं, घट्ट नको का? तो म्हणाला, पत्रा तापला की आपल्या मापाने फुगतो आणि काच आपल्या मापाने. घट्ट बसवली तर पहिल्याच रात्री चीर जाईल. त्याने पत्र्याच्या चार जिभा बोटाने वळवून काच धरली, कंदील कानाशी नेऊन हळूच हलवला आणि आत काचेची बारीक किणकिण ऐकून माझ्या हातात दिला.