ज्येष्ठांची बहुक्रीडा स्पर्धा भरवताय? पात्रता, कागदपत्रं आणि परवानगीचे अर्ज असे करा

ज्येष्ठांची स्पर्धा भरवायची ठरली की सगळे आधी मैदान, मेडल आणि पाहुणे यावर बोलायला लागतात, आणि प्रवेशिका शेवटच्या आठवड्यात कुणीतरी तरुणांच्या स्पर्धेचा जुना फॉर्म घेऊन त्यात नाव बदलून छापून आणतं. मी काही वर्षं अशा स्पर्धेत नोंदणीचं टेबल सांभाळलंय, त्यामुळे कळकळीने सांगते, त्या एका फॉर्मवर अख्खी स्पर्धा उभी असते. वाद झाला तर फॉर्म काढतात, कुणी मैदानात बसलं तरी फॉर्मच काढतात. म्हणून सुरुवात तिथूनच करूया, परवानग्यांकडे नंतर येते.

पात्रता, म्हणजे वय, पण कुठल्या तारखेचं?

सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. "साठ पूर्ण" एवढंच लिहून चालत नाही, साठ कुठल्या दिवशी पूर्ण ते लिहायला लागतं. जागतिक मास्टर्स (म्हणजे ठरावीक वयापुढच्या खेळाडूंच्या) अ‍ॅथलेटिक्समध्ये स्पर्धेच्या पहिल्या दिवशी जे वय असेल ते धरतात, पण मास्टर्स पोहण्यात त्या वर्षाच्या 31 डिसेंबरला जे वय होणार ते धरतात. आता बघा, एखाद्याचा जन्म नोव्हेंबर 1961 चा आहे आणि स्पर्धा फेब्रुवारी 2026 मध्ये आहे, तर तोच माणूस धावायला 64 चा आणि पोहायला 65 चा, म्हणजे ट्रॅकवर 60-64 मध्ये आणि तलावात 65-69 मध्ये. तुमची स्पर्धा बहुक्रीडा आहे, त्यामुळे दोन्ही नियम एकत्र आले की गोंधळ ठरलेलाच. माझं मत विचाराल तर गावापुरत्या किंवा वस्तीपुरत्या स्पर्धेला सगळ्या खेळांना एकच तारीख ठेवा, स्पर्धेचा पहिला दिवस, आणि ती तारीख फॉर्मच्या अगदी वर मोठ्या अक्षरात छापा.

गट पाच-पाच वर्षांचे करायचे, 60-64, 65-69 असे. दहा वर्षांचे गट सोपे वाटतात पण 70 आणि 79 यांच्यात ताकदीचा, वेगाचा फार फरक पडतो. आणि शेवटचा गट "80 च्या वर" असा बंद करून टाकू नका हो. भारताच्या धावपटू मान कौर यांनी वयाच्या 93 व्या वर्षी धावायला सुरुवात केली आणि 2017 मध्ये ऑकलंडच्या वर्ल्ड मास्टर्स गेम्समध्ये 101 व्या वर्षी 100 मीटर साधारण 74 सेकंदांत धावून सुवर्णपदक घेतलं, अशा आजींना तुम्ही 81 वर्षांच्या बाईंबरोबर एका गटात टाकणार का? फॉर्मवर गटांची यादी न देता फक्त जन्मतारीख लिहायला लावायची, गट आपण काढायचा. लोकांना स्वतःचा गट काढायला सांगितलं की चुका होतात.

गटात दोनच जण आले तर गट रद्द करायची घाई नको. शर्यत शेजारच्या गटाबरोबर लावा आणि निकाल वेगळा द्या, मास्टर्स पोहण्यात हे नेहमी करतात. दुहेरीच्या खेळात, म्हणजे बॅडमिंटन, टेबल टेनिस वगैरे, जोडीतला जो वयाने लहान त्याचा गट धरायची सर्रास पद्धत आहे. पोहण्याच्या रिलेत मात्र चौघांच्या वयांची बेरीज करतात, 200 ते 239, 240 ते 279 असे टप्पे, त्यामुळे 58 ची ताई आणि 72 च्या आजी एका टीममध्ये बसू शकतात. वयाने मोठ्या माणसाला स्वतःच्या मर्जीने खालच्या गटात खेळू द्यायला हरकत नाही, पण लहान माणसाने वरच्या गटात उतरायचं नाही, हे एक वाक्य नियमात आधीच लिहून ठेवलं की दुपारची कटकट वाचते.

वयाप्रमाणे खेळाचं सामानही बदलतं आणि हे कित्येक आयोजकांना माहीतच नसतं. गोळाफेकीत पुरुषांना 50 ते 59 ला 6 किलो, 60 ते 69 ला 5, 70 ते 79 ला 4 आणि 80 पासून पुढे 3 किलोचा गोळा असतो. बायकांना 50 ते 74 पर्यंत 3 किलो आणि 75 पासून 2 किलो. हे वजन फॉर्मच्या मागे छापा, म्हणजे लोक घरी त्याच वजनाने सराव करतील. धावताना खाली वाकून स्टार्ट घ्यायची सक्ती मास्टर्समध्ये नाही, उभ्याने निघालं तरी चालतं, आणि पोहण्यात ठोकळ्यावरून उडी न मारता पाण्यात उतरून भिंतीला पाय लावून सुरुवात करता येते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले कितीतरी लोक ही एक ओळ वाचून नाव देतात, मी स्वतः पाहिलंय.

कागदपत्रं किती आणि कुठली

वयाचा पुरावा एकच पुरे: जन्मदाखला, पासपोर्ट, शाळेचा दाखला किंवा सरकारी ओळखपत्र ज्यावर पूर्ण जन्मतारीख आहे. काही जुन्या ओळखपत्रांवर नुसतं वर्ष असतं, तारीख महिना नसतो, आणि कित्येकांच्या दोन कागदांवर दोन वेगळ्या तारखा असतात कारण त्या काळी नोंदच अंदाजाने झाली. अशा वेळी समोरच्याला खोटं ठरवू नका. कुठला कागद ग्राह्य आणि दोघांत फरक आला तर कुठला धरणार हे नियमात आधी लिहा (मी पासपोर्टला पहिला मान देते), नुसतं वर्ष असेल तर कुठली तारीख धरणार तेही लिहा, आणि मग सगळ्यांना तेच लावा. मूळ कागद बघून परत द्यायचा, झेरॉक्सचा ढीग साठवायची काही गरज नाही, "मूळ पाहिला" असं लिहून सही केली की झालं.

तब्येतीच्या कागदावर थोडं जास्त बोलते. दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एक प्रश्नावली आणि एक डॉक्टरांचा दाखला. प्रश्नावलीसाठी पार-क्यू-प्लस नावाचा तयार फॉर्म जगभर वापरतात, त्यात सुरुवातीला 7 प्रश्न असतात, हृदयाचा आजार किंवा बीपी सांगितलंय का, छातीत दुखतं का, चक्कर येऊन तोल जातो का असे. सातही उत्तरं नाही असली तर पुढे जाता येतं, एक जरी हो आलं तर पुढची पानं भरायची आणि त्यातून गरज दिसली तर डॉक्टरांना भेटायचं. तो फॉर्म जास्तीत जास्त 12 महिने चालतो आणि मध्ये तब्येत बदलली तर लगेच बाद होतो, म्हणून गेल्या वर्षीचा पुन्हा जोडू देऊ नका.

डॉक्टरांच्या दाखल्यात बहुतेक वेळा "सदर व्यक्ती तंदुरुस्त आहे" एवढंच येतं आणि त्याचा उपयोग शून्य. कशासाठी तंदुरुस्त? 5 किलोमीटर भरभर चालणं, गोळा फेकणं आणि कॅरम हे तीन सारखे आहेत का? त्यामुळे दाखल्याचा नमुना आपणच छापून द्या, त्यात खेळाचं नाव, अंतर, एका दिवसात किती फेऱ्या हे आधीच लिहिलेलं असू दे आणि डॉक्टरांनी प्रत्येक खेळापुढे हो किंवा नाही लिहायचं. दाखला तीन महिन्यांच्या आतला घ्या. कॅरम-बुद्धिबळाला दाखला मागू नका, नाहक चकरा होतात आणि जो माणूस फक्त लोकांत मिसळायला येणार होता तो घरी बसतो.

औषधांचा रकाना मात्र सगळ्यांना. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि तो माणूस पडून डोक्याला लागलं तर वरून काही दिसलं नाही तरी तपासायला न्यायचंच असतं. मधुमेहाचं इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर खेळताना एकदम उतरू शकते, आणि दुपारच्या मॅचला उशीर झाला की हा धोका वाढतो. बीपीच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्यांनी नाडी फार वाढतच नाही, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळात आकडा कमी दिसतोय म्हणजे दमले नाहीत असं समजायचं नाही. पेसमेकर आहे का हेही विचारा, कारण हृदय थांबलं आणि शॉक द्यायचं मशीन वापरायची वेळ आली तर पॅड त्याच्यावर थेट लावत नाहीत. कानाचं यंत्र आहे का हे विचारायला सगळे विसरतात! पोहायला उतरताना यंत्र काढून ठेवलेलं असतं, शिट्टी ऐकूच येत नाही, मग तो माणूस ठोकळ्याजवळ एकटाच उभा राहतो. स्टार्टरने हाताने किंवा झेंड्याने खूण करायची एवढंच हवं असतं.

आणि संपर्काचा नंबर. एका वर्षी एक 81 वर्षांच्या आजी चालण्याच्या शर्यतीनंतर सावलीत बसल्या त्या उठेनात, बोलत होत्या पण तुटक. आम्ही धावत जाऊन फॉर्म काढला, "अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं" तिथे नंबर होता, लावला तर रिंग वाजली ती आजींच्याच पिशवीत. त्यांनी स्वतःचाच नंबर लिहिला होता कारण फॉर्मवर नुसतं "संपर्क क्रमांक" दोनदा छापलं होतं, आणि चूक त्यांची नव्हती, आमची होती. सुदैवाने पाणी कमी पडल्याने झालं होतं, तासाभरात बऱ्या झाल्या. तेव्हापासून आम्ही तिथे लिहितो, "स्पर्धेच्या दिवशी तुमच्याबरोबर मैदानात खेळत नसलेल्या माणसाचं नाव, नातं आणि नंबर", आणि फॉर्म घेताना टेबलवरच तो नंबर एकदा लावून बघतो. शिवाय चेस्ट नंबरच्या मागच्या बाजूला तोच नंबर, चालू औषधं आणि अ‍ॅलर्जी पेनाने लिहायला लावतो, कारण मैदानाच्या त्या टोकाला कुणी पडलं तर फाइल कुठे शोधणार.

ही सगळी माहिती खासगी आहे. तब्येतीचं पान वेगळं ठेवा, पाकिटात घ्या, ते फक्त वैद्यकीय टीमकडे जाऊ दे, ग्रुपवर फोटो काढून टाकायचं तर नावच नको. हमीपत्रावर सही घ्या, पण सही घेतली म्हणून आपली काळजी घ्यायची जबाबदारी संपली असं होत नाही. फोटो-व्हिडिओची परवानगी हमीपत्रात मिसळू नका, वेगळी चौकट ठेवा, काहींना नको असतं.

फॉर्म ऑनलाइन ठेवा पण कागदी पण ठेवाच, अक्षरं मोठी, ओळीत जागा भरपूर. जन्मवर्षाच्या यादीत खाली खाली सरकत 1944 शोधायला लावू नका, आकडे टाइप करू द्या. एका माणसाला किती खेळ हेही सांगा, मी तीनच्या वर देत नाही आणि दोन खेळांमध्ये किमान तासभर विश्रांती धरते.

आता परवानग्या

पहिला अर्ज जागेचा, कारण जागा आणि तारीख हातात आल्याशिवाय दुसरं कुणी तुमचा कागद पुढे सरकवत नाही. साधारण सहा महिने आधी करा. अर्जाला ही कागदपत्रं लागतात असं धरून तयारी ठेवा: मंडळाच्या नोंदणीची प्रत, कोण सही करणार याचा समितीचा ठराव, खेळांची यादी आणि वेळापत्रक, खेळाडू-स्वयंसेवक-प्रेक्षक धरून अंदाजे माणसं किती, आणि मैदानाचा नकाशा. नकाशात अँब्युलन्स कुठून आत येणार, कुठे उभी राहणार, त्या गेटची किल्ली कोणाकडे, हे दाखवा. अर्ज देताना पोचपावती आणि आवक क्रमांक घ्यायला विसरू नका, तोंडी "होऊन जाईल" वर विसंबून कुणाचंही भलं झालेलं नाही.

रस्त्यावर चालणं-सायकलिंग असेल तर पोलीस आणि वाहतूक यांची परवानगी वेगळी. मांडव, तात्पुरती वीज, लाउडस्पीकर असेल तर त्यांचेही नियम बघा. तलावाला जीवरक्षक किती हे तलाववाल्यांकडून लेखी घ्या.

वैद्यकीय व्यवस्थेचं पत्र अर्जाला जोडा, म्हणजे डॉक्टर कोण, अँब्युलन्स कोणाची, जवळचं हॉस्पिटल कुठलं. शॉक देणारं मशीन, ज्याला एईडी म्हणतात, मैदानावर हवंच. हृदय थांबल्यावर छाती दाबणं आणि शॉक यांना जितका उशीर तितका प्रत्येक मिनिटाला वाचण्याचा संभव साधारण 7 ते 10 टक्क्यांनी कमी होतो. त्यामुळे मशीन ऑफिसच्या कपाटात कुलपात नको, जिथून कुठल्याही कोर्टवर तीन मिनिटांत जाऊन येता येईल अशा जागी, आणि ते वापरायला आलेली दोन-तीन माणसं प्रत्येक वेळेला हजर.

विमा काढताना एक गोष्ट लेखी विचारा, वयाची वरची मर्यादा किती. अपघात विम्याच्या बऱ्याच पॉलिसीत ती असते, आणि ज्येष्ठांच्या स्पर्धेला असा विमा काढला की ज्यांना सगळ्यात जास्त गरज तेच बाहेर राहतात. स्वयंसेवकांनाही विमा आहे का तेही बघा, आपले स्वयंसेवकही बहुतेक साठीचेच असतात.

प्रवेशिका बंद करायची तारीख स्पर्धेच्या महिनाभर आधीची ठेवा, त्यानंतर एक आठवडा फक्त त्रुटी दुरुस्त करायला. या आठवड्यात फोन करायचे, मेसेज नाही. ज्याचा दाखला अपुरा आहे त्याला "तुमचा अर्ज बाद" असं न सांगता नेमका कुठला कागद, कुठे, कधीपर्यंत आणून द्यायचा ते सांगायचं, आणि बाहेर पडणं जमत नसेल तर स्वयंसेवक घरी जाऊन घेऊन येईल असंही सांगायचं.

स्पर्धा झाली की तब्येतीची पानं फाडून नष्ट करा, आणि कुणाला काही झालं असेल तर त्याची नोंद तेवढी जपून ठेवा. वयाचा पुरावा एकदा तपासला की यादीत खूण करून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच लोकांना परत जन्मदाखला शोधायला लावू नका. औषधं, प्रश्नावली आणि तो नंबर मात्र दर वर्षी नव्याने भरून घ्यायचा.