नाकातली वीज आणि अल्कलाइन पाणी

घोडबंदर रोडला राहणाऱ्याला धूळ आणि खोकला काही नवे नाहीत. परवा सोसायटीच्या ग्रुपवर त्यावर तोडगा आला: 'अल्कलाइन पाणी प्या, छातीतलं आम्ल जाईल, कफ सुटेल.' 2020मध्ये लिंबाचा पीएच 9.9 सांगणारा फॉरवर्ड फिरत होता, हे त्याचंच भावंड. (पीएच म्हणजे आम्लपणा मोजणारा अंक: 7च्या खाली आम्ल, वर अल्कलाइन. लिंबाच्या रसाचा पीएच असतो 2च्या आसपास.) प्यायलेलं पाणी आधी जठराच्या आम्लात पडतं आणि रक्ताचा पीएच तर फुप्फुसं नि मूत्रपिंडं 7.35 ते 7.45 यांच्या बाहेर सहसा जाऊच देत नाहीत.

खरी गंमत श्वसनमार्गाच्या अस्तरात आहे. तिथल्या पेशीचं पटल जेमतेम 5 नॅनोमीटर जाड. पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋण; फरक हिशेबापुरता 30 मिलिव्होल्ट धरू. भागाकार करून पाहा: मीटरला 60 लाख व्होल्ट! कोरड्या हवेत याच्या निम्म्यावर ठिणगी पडते.

आम्लपणा येतो हायड्रोजनच्या आयनांमुळे, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंमुळे. हे आयन धन, त्यामुळे ते आत ओढले जाणारच. शरीराच्या तापमानाला 61 मिलिव्होल्ट म्हणजे पीएचचा एक अंक, म्हणजेच दसपट आयन. 30ला साधारण अर्धा अंक. बाहेरच्या द्रवाचा पीएच 7 असेल, तर आत साडेसहा व्हायला हवा. प्रत्यक्षात तो 7च्या वर असतो! म्हणजे गळक्या होडीतलं पाणी उपसावं तशी पेशी अखंड आम्ल उपसत असते. त्याला बळ कुठलं? रक्ताकडच्या पटलातला पंप एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून दर फेरीला 3 सोडियम बाहेर टाकतो, 2 पोटॅशियम आत घेतो. बाहेर साचलेलं सोडियम परत आत घुसतं, तेव्हा त्याच्या बदल्यात हायड्रोजन बाहेर जातो.

हवेकडच्या बाजूला सीएफटीआर ही वाहिनी क्लोराइड आणि आम्ल मारणारं बायकार्बोनेट सोडते, तर एटीपी12ए हा पंप आम्ल. या ओढाताणीत अस्तरावरच्या द्रवाचा पीएच ठरतो. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगात सीएफटीआर बिघडते, आम्लपंप मात्र चालूच राहतो. या रोगाच्या एका तपासणीत नाकाच्या अस्तराचा विद्युतदाब हाताच्या त्वचेखालच्या भागाशी ताडून पाहतात. निरोगी माणसात तो उणे 20 मिलिव्होल्टच्या आसपास, रुग्णात त्याच्या दुप्पट किंवा जास्तच.

सीएफटीआरचं जनुक 1989मध्ये सापडलं. पुढे उंदरांत ते बिघडवलं, तरी त्यांच्या फुप्फुसांना माणसासारखा रोग होईना, डुकरांना झाला. उलगडा 2016मध्ये झाला: उंदरांच्या श्वसनमार्गात एटीपी12ए जवळपास नसतोच. तो मुद्दाम घातल्यावर सीएफटीआर नसलेल्या उंदरांचाही द्रव आम्ल झाला आणि त्यात जंतू माजले.